फौजीबाबांच्या रोट्या

मिशी जीवरामची नव्हती… रुपयाएवढ्या त्या बिल्ल्यावर गिरधर नानांना आधी मिशीच दिसली – टोकं वर वळवलेली, काळीकुळकुळीत – मग हातातली बंदूक, मग मागे पेटलेला रणगाडा, आणि खाली बारीक अक्षरांत ‘वीराचा नातू हितेंद्र’. सकाळी प्रचाराची रिक्षा सोनगीरच्या या गल्लीतून गेली तेव्हा कुणीतरी मूठभर बिल्ले उधळले होते. हा एक ओट्यावर येऊन पडला. उमेदवार हितेंद्रच्या आजोबांनी, म्हणजे जीवरामनं, एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचा रणगाडा एकट्यानं उडवला, असं भोंगा सांगत होता. जिल्हा परिषदेचं मतदान तोंडावर आलेलं. जीवरामला जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तो नाही म्हणायला येणार नव्हता.

त्याला मिशीच नव्हती. भट्टीच्या धगीनं जळते, म्हणायचा. पलटणीत तो स्वयंपाकी होता आणि हे त्यानं कधी लपवलं नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की नाना त्याला आपल्या वर्गात घेऊन जात, आणि दरवर्षी कुणीतरी पोर विचारायचंच – फौजीबाबा, तुम्ही किती मारले?

“कोनले मारं नही रे भाऊ. मी तं रोट्या शेकनारा गडी.”

मग तो सांगायचा… डिसेंबरात वाळवंटातल्या पहाटे पीठ मळताना बोटं कशी आखडायची, आणि रोट्या पुढच्या खंदकात पोहोचेपर्यंत ऊन राहाव्यात म्हणून स्वतःचं कांबळं त्यांच्यावर टाकून तो कसा कुडकुडत बसायचा. मागच्या बाकावरची पोरं नखं खायची थांबत. शौर्य हा शब्द मी इतकी वर्षं शिकवला, पण त्या कांबळ्याइतका सोपा करून मला कधी सांगता आला नाही…

दुपारी दुसरी रिक्षा आली, विरोधातल्या भूपेंद्रची. ‘पळपुट्याच्या नातवाला मत देणार का? रणातून पळालेल्याच्या नातवाला?’ गल्लीच्या टोकाला जीवरामच्या बायकोनं, बेबाबाईनं, दार लावून घेतलं. कडीचा आवाज नानांना ओट्यावर ऐकू आला.

रिक्षामागोमाग अभिमन आला. एके काळी नानांचा विद्यार्थी, आता भूपेंद्रचा कार्यकर्ता. पाया पडायला वाकला आणि उठता उठता त्यानं खिशातून मोबाइल काढला.

“नाना, तुम्हले बठ्ठं माहीत शे. एवढंच बोला – फौजीबाबा लढना नही, भांडा घासे. मिनिटभराचा व्हिडिओ.”

“भांडी नाही. रोट्या करायचा.”

“तेच ते, नाना.”

“आणि तुमचा भोंगा पळपुटा म्हणतो, ते?”

“तो तं प्रचार शे!” अभिमन हसला. “तुम्ही ते म्हनूच नका. तुम्ही खरं बोला, बाकीनं आम्ही जोडसूत.” गाडीला किक मारताना म्हणाला, “संध्याकाळी येतो. गप्प बसनात तं लोके म्हनतीन, नाना बी हितेंद्रनाच मानूस.”

नानांनी बिल्ला उलटा करून ओट्यावर ठेवला. वजाबाकीत हातचा विसरला की हा रडायचा – शाळा सुटल्यावर त्याच्याशेजारी बसून, चिंचोके मांडून… मी बोलावं, तर माझं खरं त्या भोंग्याच्या शेपटीला बांधून गावभर फिरवतील. गप्प राहावं, तर रणगाडा खरा. दोन्हीकडे जीवरामच, आणि जीवराम कुठेच नाही. भिंतीवर थुंकणाऱ्या माणसाची यावी तशी किळस, पण पुसायला काही दिसत नाही…

ऊन उतरल्यावर शेजारची छोटी भूमिका पाढे म्हणायला आली. पाटी मांडीवर ठेवून तिनं सरळ विचारलं, “आजोबा, फौजीबाबांनी रणगाडा उडवला, का ते पळून गेले?”

लहान पोराचा प्रश्न नानांनी कधी परत पाठवला नव्हता. त्यांनी सगळं नीट सांगितलं – पीठ, आखडलेली बोटं, कांबळं.

“म्हणजे फक्त रोट्या?”

फक्त… इतक्या वर्षांत हा शब्द कुणा पोरानं काढला नव्हता. तिचा काय दोष, सकाळपासून दोन्ही भोंगे तिच्या कानात. त्यांच्यामध्ये रोटी केवढीशी दिसणार. तिची नजर पाटीकडे वळली, आणि नाना घाईघाईनं म्हणाले, “फक्त कशा? वरून तोफगोळे पडत होते, भूमी. एक तर भट्टीच्या अगदी जवळ…”

“खरंच?” तिचे डोळे लखलखले.

जीवरामनं गोळ्यांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तो गोळा नानांनी आत्ता, या ओट्यावर बसून टाकला होता – आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना बरं वाटलं होतं, अगदी वर्गात वाटायचं तसंच. त्या बरं वाटण्याचीच आता शिसारी आली. दिवसभर ती रस्त्यावरून येत होती, ही मात्र घशातून वर चढत होती…

“मग? मग काय झालं?” भूमिका पुढे सरकली.

आणि नानांच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं.