धुऊन आणलेले पाय

देवपुरातल्या मिशन दवाखान्याच्या प्रार्थनामंदिरात गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरसाहेब स्वतः बारा जणांचे पाय धूत. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. बारा जणांची यादी कमिटी करी, आणि यादीत नाव आलं की माणूस दुपारीच घरी जाऊन वजरीने टाचा घासून, साबण लावून, वर पावडर टाकून येई. साहेबांच्या हाताला मळ लागू नये, एवढीच त्यामागची भावना. त्यामुळे सगळं आटोपल्यावरही घंगाळातलं पाणी आधीइतकंच स्वच्छ असे.

हे तेरसिंगला ठाऊक होतं, कारण ते पाणी बंबात तापवायचं, घंगाळात ओतायचं आणि नंतर झाडांना घालायचं काम अकरा वर्षं त्याचंच. तो साक्रीकडचा, दवाखान्यात पाणी भरायचा, फरश्या पुसायचा. बायको रेशमा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर त्याला कोणी हात लावला असेल तर कंपाउंडरने, तोही धनुर्वाताच्या इंजेक्शनपुरता. एकदा त्या खुर्चीवर बसावं, एवढी इच्छा तो मनात धरून होता. बोलला कोणाजवळ नव्हता. बोलला असता तर ती कमिटीपुढे गेली असती.

सत्त्याऐंशी साली लीलाधर मास्तरांची जागा रिकामी राहिली. ते लेकीच्या लग्नाचं सोनं घ्यायला जळगावला गेले होते आणि परतीची एस.टी. वाटेत बंद पडली होती. डॉक्टरसाहेबांचं कृपेवरचं प्रवचन झालं. जी कमावता येत नाही ती कृपा, असं ते म्हणाले. मग मंडळींनी गाणं धरलं आणि एकामागून एक अकरा जण झाले. साहेबांनी दाराकडे पाहिलं.

"तेरसिंग, तू बैस."

चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आधी पाय धुऊन ये रे."

रागाने नव्हे, जेवायच्या आधी हात धुवायला सांगावं, तसं. कोणाला काही खटकलं नाही. तेरसिंगलाही नाही. तो लगबगीने बाहेर पडला.

नळ सकाळीच येऊन गेला होता. टाकीचा तळ त्यानेच खरवडून बंबात ओतला होता. फाटकाजवळ माठ होता, पण ते पेशंटच्या माणसांचं प्यायचं पाणी. त्याने पाय धुणं बरं दिसेना. मग तो पांझरा नदीवर गेला. एप्रिलातली पांझरा म्हणजे वाळू. एक डबकं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या आणि त्या उठायच्या विचारात नव्हत्या. नेले होते त्याहून मळके पाय घेऊन तो परतला.

प्रार्थनामंदिर रिकामं होतं. बाळंतपणाची केस आली म्हणून साहेब मध्येच उठून गेले होते, आणि पाळकांनी आशीर्वाद देऊन मंडळी सोडली होती. तेरसिंगसाठी थांबावं, असं कोणाच्या मनात आलंही असेल. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलेलं नव्हतं. खुर्ची होती, घंगाळ होतं. तो बसला आणि समोरच्या बाकांकडे पाहत राहिला.

तेरसिंग कुठे दिसेना म्हणून वॉर्डातली आया भागाबाई घंगाळ न्यायला आली. ती ख्रिस्ती मंडळीतली नव्हती; तिच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसे.

"काय करी राह्यना, भाऊ?"

"पाय धवाना व्हतात. साहेब निंघी गया."

"मंग आन आठे."

ती उकिडवी बसली आणि त्याचा पाय तिने पाण्यात ओढला. पाणी लगेच मातीच्या रंगाचं झालं.

"पानी मळनं ना वं," तेरसिंग ओशाळून म्हणाला.

"पानी मंग कसाकरता शे? आनि हाई टाच शे का नांगरेल वावर?"

"तुले कोनी सांगं हाई कराले?"

"सांगाले कसाले पाहिजे? दिनभर वॉर्डमा बठ्ठा पेशंटसना पाय मीच पुसस. कोनी गानं म्हनत नही, इतलंच."

मग नऊ नंबरच्या खाटेवरची म्हातारी कशी जेवत नाही, ते ती सांगू लागली. सांगता सांगता तिचा अंगठा त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरत होता. तेरसिंगला या वेळी प्रभूची आठवण व्हायला हवी होती. झाली नाही. हात गरम आहे, एवढंच त्याला कळत होतं.

तिने पाय पदराने पुसून खाली ठेवला.

"दुसरा दे."

तेरसिंगने तो लगेच पुढे केला नाही. तो धुऊन झाला की ती उठून जाणार होती.