अडलेलं पाऊल

हिर्डोशीच्या वर, घाटाकडे तोंड करून धनगरांची पाच-सात घरं होती. त्यातलं कडेचं घर कोंडिबाचं. घरात तो, त्याची बायको आक्काबाई आणि लग्नाला आलेला मुलगा रायबा. दावणीला म्हशी, चार गाई, थोडी शेरडं. तूप कढवून भोरच्या बाजारी न्यायचं आणि तिथून मीठमिरची आणायची, असा त्यांचा संसार चालला होता.

कोंडिबा पन्नाशीचा असेल. एका पावसाळ्यात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. हातात काही नसताना तंबाखू मळावी तसा. आधी लोक हसले, तोही हसला. मग हात हलायला लागला, पावलं आखूड पडायला लागली. आवाज खोल गेला. चेहरा असा ताठरला की माणूस आनंदात आहे का रागात, ते समोरच्याला कळेना. देवऋषी झाला, अंगारा झाला, कुणी सांगितलेला पालाही वाटून पाजून झाला. पुढे तर दारापर्यंत यायचा आणि उंबऱ्यापाशी उभाच राहायचा. पाय जमिनीत रोवल्यासारखे. आक्काबाई हात धरून ओढायची, तर पुढे पडायला व्हायचा.

आक्काबाईनं मग एकेक काम त्याच्या हातून काढून घेतलं. धार तिनं काढायची, दावी रायबानं वळायची, म्हसरं रायबानं सोडायची. कोंडिबानं बाजेवर बसायचं. ती मायेनंच करत होती. पण बसून बसून त्याचा हात आणखी थरथरायला लागला, आणि तो बोलायचाही कमी झाला.

त्यातच भाद्रपदात ती गोष्ट घडली. दिवस मावळायला आला होता. शेरडं काट्यांच्या कुंपणाच्या वाड्यात शिरत होती, आणि झाडीतून बिबट्या आला. कुत्री केकाटली. रायबा पाणी घेऊन येत होता, त्यानं घागर टाकली. पण त्याच्याआधी दारातून कोंडिबा बाहेर आला. काठी उगारून, ओरडत, वाड्याच्या तोंडापर्यंत धावत गेला. सकाळी ज्याला उंबरा ओलांडायला दोघांनी धरावं लागलं होतं, तो माणूस. बिबट्या शेरडू टाकून पळाला. कोंडिबा तिथंच उभा राहिला, आणि मग त्याला घरात आणायला पुन्हा दोघं लागली.

वस्तीनं हे डोळ्यांनी बघितलं. रायबानंही बघितलं. त्या दिवसापासून त्याचं मन फिरलं. म्हातारा सोंग करतोय, मनात आलं की पळतो आणि नको असलं की अडतो, असं त्याला वाटायला लागलं. तो बापाशी बोलेना. दारात कोंडिबा अडला की रायबा त्याला वळसा घालून निघून जायचा. एकदा तर सगळ्यांदेखत म्हणाला, "वाघरावर धावतासा, मग हितं का पाय उचलत न्हाई?"  कोंडिबाच्या ताठ चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आक्काबाईनं मात्र त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही.

दिवाळीच्या तोंडावर आक्काबाईनंच हट्ट धरला की भोरच्या दवाखान्यात दाखवायचं. शेजाऱ्यांनी डोलीत घालून कोंडिबाला हिर्डोशीच्या रस्त्यावर आणलं, आणि तिथून तिघंजण एसटीनं भोरला आली. डॉक्टरांनी हात हलवून बघितले, चालायला सांगितलं, डोळ्यांत बघितलं. हा कंपवात आहे, म्हणाले. यावर खात्रीचं औषध नाही आणि तो हळूहळू वाढत जाणार, हे त्यांनी लपवलं नाही. मग थोडं थांबून म्हणाले, की कचेरीतल्या नारायणरावांची लता सध्या दिवाळीला घरी आली आहे, तिला एकदा भेटा. औषध तिच्याकडेही नाही. पण ती शिकली आहे ते याच कामाचं.

लता मुंबईला शिकून आता पुण्याच्या एका इस्पितळात नोकरीला होती. तिच्या शिक्षणाचं नाव इंग्रजी होतं आणि भोरात ते कुणाला कळत नसे. आजारानं अडलेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून मदत करायची, असं ती सांगायची. नातेवाईक मंडळी त्यावर गमतीनं म्हणत, म्हणजे पेशंटांकडून टोपल्या विणून घेतेस. ती हसून सोडून द्यायची. पण कधीकधी तिलाही वाटायचं, की आपण खरंच कुणाच्या उपयोगी पडतो का? इस्पितळात माणूस पंधरवडाभर असतो, मग घरी जातो, आणि घरी त्याचं काय होतं ते कळतच नाही.

ही तिघं नारायणरावांच्या दारात आली, तेव्हा लता ओटीवर होती. कोंडिबा दारातच अडला. आक्काबाई ओढायला लागली. रायबा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला. लतानं तिघांची नावं विचारून घेतली आणि आक्काबाईला हात सोडायला सांगितला. मग ती कोंडिबाच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं आपलं एक पाऊल त्याच्या पावलांपुढे आडवं ठेवलं.

"कोंडिबा, माझ्या पायावर पाय देऊ नका. वरून या," ती म्हणाली.

कोंडिबानं खाली बघितलं, पाय उचलला आणि तिच्या पावलावरून आत टाकला. दुसराही आला. तो सरळ ओटीच्या मध्यापर्यंत चालत गेला.

रायबानं मान वळवून हे बघितलं होतं. त्याचा चेहरा रागानं लाल झाला. बघा, येतंय का न्हाई चालायला, असं तो पुटपुटला, आणि मग बिबट्याची सगळी हकिगत त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडली. लतानं ती मधे न बोलता ऐकून घेतली. कोंडिबा खाली मान घालून बसला होता. मांडीवर त्याचा हात हलत होता.

"रायबा, वरंध घाटात दरड कोसळली की काय होतं?" लतानं विचारलं.

"एसटी बंद हुती."

"आणि माणसं?"

"पायवाटनं येत्यात."

"तसंच आहे हे. आपण चालतो तेव्हा पाय टाका असं पायांना सांगावं लागत नाही. तो आपला रोजचा रस्ता. तुमच्या वडिलांचा तो रस्ता आजारानं बुजलाय. पण समोर काही ओलांडायचं दिसलं, नाहीतर जिवावरचं काही आलं, की कधीकधी पायवाटेनं हुकूम पोचतो. बिबट्या आला तेव्हा तसा पोचला. तो त्यांच्या हातात नाही. ते सोंग करत नाहीत."

रायबा ओटीच्या कडेला येऊन टेकला. आक्काबाई पदरानं डोळे पुसत होती. लतानं विषय बदलला. घर कसं आहे, बाज किती उंच आहे, पाणी कुठून आणतात, कोंडिबा दिवसभर काय करतात, असं विचारत राहिली. दिवसभर काही करत नाहीत, बसून असतात, असं आक्काबाईनं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की मला एकदा तुमच्या घरी यायचंय.

भाऊबीज झाल्यावर ती वडिलांना घेऊन खरंच गेली. हिर्डोशीला उतरून वर चढेपर्यंत नारायणरावांना दम लागला, पण लेकीचं काम बघायची त्यांनाही उत्सुकता होती. खाली खाचरांत भाताची कापणी चालली होती. वस्तीवरची माणसं आधीच जमली होती. त्यांना वाटलं होतं, बाई सुई टोचणार.

लतानं सुई काढली नाही. तिनं सकाळभर नुसतं बघितलं. मग कोंडिबाजवळ बसून विचारलं, "सगळं सोडा. तुम्हाला स्वतःला कोणतं एक काम परत करावंसं वाटतं?"

त्याला बोलायला वेळ लागायचा. आक्काबाई त्याच्यासाठी उत्तर देणार होती, लतानं तिला हातानं थांबवलं. सगळे वाट बघत राहिले.

"म्हसरं सोडाया," कोंडिबा म्हणाला. "सकाळची. म्या स्वता."

त्या एका वाक्यावर मग दोन दिवस काम झालं. बाजेपासून दारापर्यंत आणि दारापासून गोठ्यापर्यंत, कोंडिबाच्या पावलाच्या अंतरानं जमिनीत बांबूच्या कामट्या आडव्या बसवायच्या ठरल्या. नुसत्या दिसायला हव्यात, अडखळायला नकोत, म्हणून अर्ध्या जमिनीत गाडून. त्या रायबानं चिरल्या आणि त्यानंच बसवल्या. कुणी सांगायची वाट बघितली नाही. बाजेचे पाय दगडांवर चढवले, म्हणजे उठायला सोपं. जागच्या जागी वळताना कोंडिबा पडायचा, त्याला लतानं जागेवर न वळता मोठा वळसा घ्यायला शिकवलं, शेताच्या टोकाला औत वळवतात तसा. हलका जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला हातात नाचायचा आणि दूध सांडायचं, म्हणून जड पितळी तांब्या अर्धाच भरून द्यायचा. दावं सोडताना बोटांना गाठ उकलायची नाही. तिथं रायबानं लाकडाची खिटी लावली. ती फासातून सरकवली की दावं सुटायचं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. लतानं कोंडिबाच्या हातात घायपाताचा वाख, म्हणजे त्याचे सुटे धागे, दिला आणि दोरी वळायला सांगितलं. आक्काबाई म्हणाली की हात कापतोय, कशी वळतील? कोंडिबानं वाख मांडीवर घेतला, तळहातानं पीळ दिला. हात कामाला लागला तसा थरथरायचा थांबला. काम हळू होत होतं, पीळ पूर्वीसारखा घट्ट नव्हता, पण हात शांत होता. आक्काबाई बघतच राहिली. लतानं तिला समजावलं की काहींचा हात रिकामा असतानाच जास्त हलतो. तुम्ही मायेनं त्यांना बसवलंत, आता मायेनंच थोडं करू द्या. दमले की थांबवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी लता आणि नारायणराव निघायच्या आधी कोंडिबा बाजेवरून उठला. पहिल्या कामटीशी थांबला. रायबा त्याच्या बाजूनं चालत होता, हात न लावता. तो हळूच म्हणाला, "आबा, ही वलांडा. आता ही." कोंडिबा एकेक ओलांडत उंबऱ्याबाहेर आला आणि गोठ्यात गेला. पहिल्या म्हशीची खिटी सुटायला बराच वेळ लागला. रायबाचा हात पुढे झाला होता, तो त्यानं मागे घेतला. म्हैस बाहेर पडली. कोंडिबानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या गळ्यातल्या घंटेच्या ठेक्यावर तिच्याबरोबर अंगणाच्या कडेपर्यंत चालत गेला. तिथं एकही कामटी नव्हती.

 नारायणरावांनी चष्मा काढून पुसला. परतीच्या वाटेवर ते लेकीला एवढंच म्हणाले की तू काय शिकलीस ते मला आज कळलं.

त्यानंतर लता दर दिवाळीत आणि मे महिन्यात वर जायची. आजार थांबला नव्हता आणि थांबेल असं तिनं कधी सांगितलंही नव्हतं. दोन वर्षं कोंडिबानं रोज सकाळी म्हसरं सोडली. मग एकट्यानं जमेना, तेव्हा रायबा शेजारी उभा राहायला लागला. मग कोंडिबा अंगणात बसून फक्त दावी वळायचा. मग तेही सुटलं. तोवर रायबाचं लग्न होऊन त्याला मुलगा झाला होता, आणि कोंडिबाकडे नातवाचा पाळणा हलवायचं काम आलं. पाळण्याची दोरी मनगटाला सैल बांधली की तो ओढ देत राहायचा. दरवेळी एक काम गळायचं, आणि लता, रायबा, आक्काबाई बसून दुसरं शोधायची. रायबाच्या डोक्यातून कितीतरी युक्त्या निघाल्या. त्यातल्या दोन-तीन लतानं पुण्याच्या पेशंटांसाठी वापरल्या, आणि वापरताना ती प्रत्येकाला सांगायची की ही हिर्डोशीच्या रायबाची.

शिरवळीकडच्या एका म्हातारीला असाच त्रास सुरू झाला, तर तिच्या घरच्यांनी रायबाला बोलावलं. त्यानं तिथं आधी काय सांगितलं, ते आक्काबाईनं लताला कौतुकानं सांगितलं. आधी सगळ्यांना समोर बसवून तो म्हणाला होता, की म्हातारी मुद्दाम करती असं कुणी म्हणायचं न्हाई.

एकोणीसशे साठच्या मे महिन्यात लता गेली, तेव्हा कोंडिबा बाजेवर पडूनच असायचा. गिळायलाही त्रास होत होता. आक्काबाई त्याला उंच टेकवून बसवून, घोटाघोटानं पेज पाजत होती. ते कसं करायचं हे लतानं मागच्या खेपेला दाखवलं होतं. रायबा आपल्या मुलाला घेऊन बाहेर गेला होता. लता बाजेशेजारी बसली. कोंडिबाचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"बाई," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला. "आजार ऱ्हायलाच. पर पोरगं... माजं पोरगं मला खोटं म्हनायचं थांबलं. लई उपकार."

लता आणखी जवळ सरकली. तिनं त्याचा हात हातात घेतला. त्याच्या चेहऱ्यावर आताही काही दिसत नव्हतं, पण एवढ्या वर्षांत ती त्याचे डोळे वाचायला शिकली होती. पुण्याला खोलीत बसून, आपण कुणाच्या उपयोगी पडतो का, असा जो प्रश्न पडायचा, तो तिला बऱ्याच दिवसांत पडला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तीही त्याला म्हणाली की उपकार तुमचेच आहेत माझ्यावर. त्याला ते पटलं नसावं. त्यानं डोळे मिटले.

रायबा आला. त्यानं बापाला कुशीवर वळवलं, पाठीशी घोंगडी खोचली, तोंड पुसलं. हे सगळं तो आपल्या मुलाशी बोलता बोलता, सहज करत होता. मग त्यानं लताची पिशवी उचलली आणि तिला एसटीपर्यंत सोडायला निघाला. आक्काबाईनं दारातून तिच्या ओंजळीत करवंदं घातली. उतार लागेपर्यंत ती दोघं करवंदं खात खात चालत राहिली.