गोजराचे हसणे

मित्रांनो, उरणच्या मैदानात तंबूतला सिनेमा दाखवणारा मी जुना प्रोजेक्टर. आता गोदामात पोत्यांखाली पडून आहे. मला कारखान्याने घडवले, पण माझ्यात जीव आला तो १९५८ साली, मिठागरातला एक सिनेमा मालकाने विकत आणला तेव्हा.

त्याचे चित्रीकरण उरणजवळच्याच आगरात झाले होते. सुरुवात फार देखणी होती. आधी लांबून मिठाच्या राशी दिसत. मग कॅमेरा जवळ जाई. ओळीने चालणाऱ्या बायकांचे पाय, डोक्यावरच्या पाट्या, आणि सगळ्यांत पुढच्या पोरीचा पडदाभर चेहरा. ती मागे वळून हसे. लगेच दुसरे दृश्य येई, नायिका तिच्याकडे बघून हसते. कोणी चकार शब्द बोलत नसे, तरी या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत हे साऱ्या तंबूला कळे. खरे तर दोघी कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या. सगळी कात्रीची करामत!

ती पुढची पोर म्हणजे गोजरा, खरोखरच आगरात मीठ वाहणारी. सिनेमा इथे येण्याआधीच ती तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. दर हंगामात हा सिनेमा लागला की तिची आई धोंडूबाई यायची, अगदी पुढे बसायची आणि शेजारणीला सांगायची, "बग, माज्या पोरीकडं बगून हसते ती!" तेवढे पाहून उठून जायची. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा!

फिल्मच्या तोंडाशी थोडी कोरी पट्टी जोडायची असते. तीच माझ्या दातांत अडकवायची, म्हणजे फाटले तरी कोरेच फाटते आणि चित्र वाचते. आमची पट्टी झिजून संपली. ऑपरेटर वामनने नवी मागितली, तर मालक म्हणाला, "कशाला? सुरुवात बघतो कोण? लोक तर बिड्या पेटवत बसतात."

मग वामन चित्राचेच टोक माझ्या दातांत अडकवू लागला. दात झिजलेले, तेलाचा पत्ता नाही. टोक फाटे आणि वामन फाटलेले कापून टाकी. आधी मिठाच्या राशी गेल्या. मग पाय गेले, पाट्या गेल्या. पुढे गोजराचा चेहराही आखडत चालला. धोंडूबाईला वाटे, आपलेच डोळे अधू झाले. ती पापणी लवू देईना. मला सगळे दिसत होते आणि ओरडता येत नव्हते.

एका संध्याकाळी पडद्यावर थेट नायिकाच हसली. कोणालाच काही खटकले नाही. धोंडूबाई तेवढी उठून माझ्यापाशी आली.

"वामनदादा, माजी गोजरा कुठं हाय?"

वामनने खाली पाहिले. कापलेल्या तुकड्यांचा केर सकाळीच खाडीत गेला होता. "मावशे, फाटली व्हती गो. कापली मी."

ती पडद्याकडे वळली. "मंग ती बाय आता कुनाकडं बगून हसते?"

धोंडूबाई पुन्हा तंबूत आली नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी तेल मागत नाही, माझे आयुष्य संपले. पण कोणाचे एकुलते एक चित्र तुमच्या हाती आले, तर त्याच्यापुढे वीतभर कोरी पट्टी जोडा. आमच्याकडे तेवढेही झाले नाही. नायिका त्यानंतरही प्रत्येक खेळाला तशीच हसत राहिली, आणि तिला हसवणारा मीच होतो.