शेणाच्या पाटीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, नाक धरू नका. मी एक जुनी शेणाची पाटी आहे. लांज्याच्या बाजारात बुरुडाने मला विणले तेव्हा माझ्या बांबूला गोड वास होता. आपण आंबे वाहू, असे मला वाटे. चिमाने मला विकत घेतले, गोठ्यात नेले आणि माझ्यात ताजे शेण भरले. मला शिसारीच आली.

शेणाची शिसारी चार दिवसांत गेली. धुराची मात्र कधीच गेली नाही. उन्हाळाभर चिमा मला डोक्यावर घेऊन दाढेवर, म्हणजे भाताची रोपे करायच्या तुकड्यावर, शेण नेई. तिचा सासरा काशीराम त्यावर ऐनाच्या झाडाच्या तोडलेल्या फांद्या आणि पातेरा, म्हणजे सुका पाला, रचून, तण मरावे आणि राखेचे खत व्हावे म्हणून सगळे पेटवून देई. सारा गाव तेच करी. झाडे बोडकी, घरे धुराने भरलेली, आणि चिमाने मान मोडून वाहिलेले शेण दुपारभरात राख! माझ्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या त्या माणसांचीच मला किळस येई.

त्र्याऐंशी साली शेतकी खात्याचा माणूस देवळात सांगून गेला, की जाळू नका, शेण-पातेरा खड्ड्यात कुजवा, उंच वाफे करून त्यांत ते खत घाला. लोक हसले. चिमाने गोठ्यामागे खड्डा खणला. पुढच्या उन्हाळ्यात ती सासऱ्याला म्हणाली, “मामानू, अर्धी दाढ भाजायची नाय.”

“तरवा नाय झाला तर लावनी कसली करशील?” तो म्हणाला. तरवा म्हणजे ती रोपे. ती बिघडली तर वर्षाचे भात गेले, हे चिमालाही ठाऊक होते. तरी तिने अर्ध्या दाढेवर उंच वाफे करून खड्ड्यातले खत घातलेच.

पाऊस लागला आणि तिच्या वाफ्यांत आधी तणच माजले. काशीराम बांधावर थुंकला. चिमा ओणवी होऊन रोज तण उपटी, माझ्यात भरून खड्ड्यात टाकी. मग पावसाने झोडपून काढले. भाजलेल्या दाढेवरची राख वाहून वहाळात गेली, तिथला तरवा पिवळा पडला. उंच वाफ्यांतला हिरवागार राहिला आणि लावणी त्याच्यावरच निभावली.

शेणाची पाटी बाईने वाहायची, पुरुषाने नाही, ही इथली रीत. पण पुढच्या वर्षी दाढ भाजायच्या दिवसांत काशीराम गोठ्यात आला, माझ्यासमोर वाकला.

“दे गो, माज्या डोईवर,” तो चिमाला म्हणाला आणि मला घेऊन सगळ्यांदेखत खड्ड्याकडे गेला.

आता माझा काठ सुटला आहे, बूड फाटले आहे. शेजारची हौसा काल चिमाला म्हणाली, की चुलीत घाल ती पाटी. बांबू छान पेटतो, हे खरे. पण मित्रांनो, धुराचा मला अजून तिटकारा आहे. मला जाळू नका. त्या खड्ड्यात टाका.