घेणाऱ्याचं नाव

इस्क्रानं खोका काउंटरवर ठेवला, वरच्या चिकटपट्टीला कात्रीचं टोक लावलं आणि थांबली.

"उघडू ना, काकू? आधी बघा, मग पैसे. नियमच आहे तो."

राइना काकूंनी खोक्यावर हात ठेवला. "नको गं. त्याच्या नावाचं आहे. मी घरी नेऊन उघडते."

खोक्यावर ठळक अक्षरांत काकूंच्या नवऱ्याचं नाव छापलं होतं: वेल्को दोब्रेव. कुरियर ऑफिसच्या काचेच्या दारावर त्याच नावाचं निधनपत्रक चिकटवलेलं होतं, फोटोसकट. कालच काकूंनी येऊन त्याच्या शेजारी चाळिसाव्या दिवसाचं दुसरं पत्रक लावलं होतं. लोम गावात माणूस गेला की त्याचा चेहरा असा दारांवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर महिनोन् महिने राहतो. हल्ली अंत्यविधीवाले ती पत्रकं इंटरनेटवरही टाकतात, आणि तिथे ती कोण वाचत बसतं हे इस्क्राला या वर्षात नीट कळून चुकलं होतं. माणूस गेला की थोड्या दिवसांत त्याच्या नावाचं, पैसे भरून सोडवायचं पार्सल येतं. कुणी मागवलेलं नसतं. घरच्यांना वाटतं, जाता जाता काहीतरी मागवून गेला. ते डोळे पुसतात आणि पैसे भरतात. तिथल्या तिथे उघडून बघायला कुणाचा हात धजत नाही.

"काकू, स्तामेनोवांकडे असंच आलं होतं. आजी गेल्यानंतर आजींच्याच नावानं. आत काय, तर फाटका मफलर."

बाकावर आपल्या गाडीच्या सुट्या भागाची वाट बघत बसलेला पेन्चो म्हातारा खाकरला. "मफलर तरी आला. आमच्या हिनं मोबाइल मागवला, डब्यातून निघालं मीठ. म्हटलं, बाई, आता याच्यावरून फोन कर तुझ्या बहिणीला."

"पेन्चो काका, गप्प बसा जरा."

"बसलो. मीठ मात्र चांगलं होतं."

काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या इस्क्राशी हळू आवाजात बोलू लागल्या. "त्यानं सांगितलं होतं गं मला. तिकडे व्रात्सा शहरातल्या दवाखान्यातून, फोनवर. फ्लूची साथ म्हणून मला आत सोडत नव्हते. म्हणाला, एक पार्सल येईल, पैसे भरलेत, तू फक्त जाऊन आण. काय आहे विचारलं, तर म्हणाला, बघशील. ते शेवटचं बोलणं."

"मग तुम्हीच बघा. ते म्हणाले पैसे भरलेत, आणि हे लोक साठ लेवा मागताहेत."

"ताप होता त्याला. भरले असं नुसतं वाटलं असेल."

इस्क्रानं कात्री काकूंसमोर ठेवली, मूठ त्यांच्याकडे करून. बऱ्याच वेळानं काकूंनी ती उचलली.

आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे होते. त्यांच्या खाली प्लास्टिकचं एक मनगटी घड्याळ, काटे नुसते छापलेले. काकूंनी ते कानाला लावलं. मग परत बोळ्यांत ठेवलं आणि खोक्याची झाकणं एकावर एक नीट दुमडली, पाहुण्यांनी आणलेली आणि न आवडलेली वस्तू ठेवावी तशी.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे त्याचं नव्हे."

इस्क्रानं खोक्यावर परतीचा शिक्का मारला. काकूंचा चेहरा बघून तिला काहीतरी बोलावंसं वाटलं, आणि ती बोलून गेली.

"मनाला लावून घेऊ नका. यांना सवयच असते. अहो, अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी एक आलं होतं काकांच्या नावानं. मी तुमच्यापर्यंत येऊच दिलं नाही. 'घेणारा मृत' असं लिहून तसंच परत लावून दिलं. म्हटलं, कालच माती दिलीय, आज त्यांना कुठं हा त्रास!"

काकू निघायला म्हणून आपला मफलर गळ्याभोवती गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आधी एक आलं होतं?"

"हो."

"कसं होतं?"

"लांबट. हलकं होतं."

"त्याचे किती मागत होते?"

पेन्चो म्हाताऱ्यानं मान वर केली. इस्क्रा संगणकाकडे वळली. जुन्या नोंदींत वेल्को दोब्रेव हे नाव शोधायला वेळ लागला नाही. पाठवणार: कझानलुकजवळची एक रोपवाटिका. घेणाऱ्याकडून वसूल करायची रक्कम: शून्य.

पडद्याची बाजू काकूंकडे नव्हती. तरीही इस्क्रानं तो आणखी थोडा आपल्याकडे वळवला.

"पंचावन्न," ती म्हणाली. "पंचावन्न लेवा."

काकूंनी सुस्कारा सोडला. त्यांचे खांदे खाली आले. "मग तेही त्याचं नव्हतं. घाबरवलंस की मला." त्यांनी मफलरची गाठ मारली. "म्हणजे यायचंय अजून. तो उगाच बोलायचा नाही. अगं, पुढचं आलं की परत नको पाठवू हं. मला बोलाव, मी येऊन उघडून बघत जाईन. बघायला काही पैसे पडत नाहीत."

"बोलवीन, काकू."

दार लागलं. काचेवरचे वेल्को दोब्रेवचे दोन चेहरे थरथरले आणि स्थिर झाले. पेन्चो म्हातारा इस्क्राकडे बघत होता.

"माझं राहू दे, उद्या येतो," असं म्हणून तो टोपी घालून निघून गेला.

रोपवाटिकेचा नंबर नोंदीतच होता. इस्क्रानं तो फिरवला. पलीकडच्या माणसाला ते गिऱ्हाईक लगेच आठवलं.

"चेरीचं कलम होतं. दवाखान्यातून फोन करायचे म्हातारबाबा. मधेच दम लागायचा, मग पुन्हा करायचे. फळ कधी धरेल, हे तीनदा विचारलं. मी म्हटलं, चार वर्षं तरी लागतील. तर म्हणाले, चालेल, तिला वेळ आहे."

इस्क्रानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ते कलम आहे का अजून?"

"कसं असेल? खोका जाऊन-येऊन आमच्याकडे पोचला तेव्हा मुळं वाळून गेली होती. टाकून दिलं. पैसे परत करायला फोन लावला, तर तो बंद."

"त्याच जातीचं दुसरं मिळेल?"

"मिळेल की. जमीन गोठायच्या आत लावायचं असेल, तर आजच पाठवतो. पत्ता तोच?"

"तोच. ऑफिसातून घेतील. पैसे मी भरते. घेताना त्यांच्याकडे काही मागायचं नाही."

"बरं. नाव कुणाचं घालू?"

इस्क्रानं दाराच्या काचेकडे बघितलं.

"वेल्को दोब्रेव," इस्क्रा म्हणाली.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण ते वारले ना? तुमच्याच ऑफिसनं तसं लिहून पाठवलं होतं."

"हो," ती म्हणाली. "मीच लिहिलं होतं. नाव तेच घाला."