हॉलिसचा रेडिओ आणि सात मिनिटे

माझ्या पाठीला चिकटपट्टी आहे, एरिअल अर्धी मोडलेली आहे आणि बॅटरीच्या कप्प्याचे झाकण रबराच्या पट्टीने बांधून ठेवलेले आहे. तरीही शनिवारी मला कोणी हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. मित्रांनो, मी हॉलिस टेटचा जुना रेडिओ. अलाबामातल्या कार्व्हर्स बेंड या गावी त्याच्या ओसरीवर माझे सगळे आयुष्य गेले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतो तो कागदाच्या गिरणीचा वास. हॉलिस त्या गिरणीत मशीन चालवायचा आणि मी त्याच्या डब्याशेजारी बसून वाजायचो. गिरणीतून तो निवृत्त झाला, पण मला काही सुट्टी मिळाली नाही. आमच्याकडे शनिवारी कॉलेजच्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हाताने झेलून पळायच्या खेळाचा, सामना असला की टीव्हीचा आवाज बंद करतात आणि रेडिओ लावतात. टीव्हीवर बोलणारे बाहेरगावचे असतात, त्यांना आमच्या मुलांची नावेसुद्धा नीट घेता येत नाहीत. माझ्यातून बोलणारा माणूस घरचा. शिवाय टीव्हीचे चित्र माझ्यापेक्षा चार-पाच सेकंद मागे असते. त्यामुळे हॉलिस आधी ओरडायचा आणि चेंडू मग झेलला जायचा. पाहुण्यांना वाटे, या म्हाताऱ्याला भविष्य कळते.

त्या आरोळ्यांपैकी निम्म्या जाव्हिस ग्रीनसाठी होत्या. जाव्हिस पलीकडच्या रस्त्यावरचा मुलगा. त्याची आई अर्नेस्टीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलणे हे त्याचे काम. शाळेत असताना हॉलिस त्याला आपल्या ट्रकमधून सरावाला सोडायचा आणि मी दोघांच्या मध्ये बसायचो. पुढे तो आमच्याच कॉलेजकडून खेळू लागला. माझ्यातून त्याचे नाव आले की हॉलिस माझ्या डोक्यावर थाप मारायचा. तेवढे कौतुक मला आयुष्यात दुसऱ्या कोणी केले नाही.

मग तो हिवाळा आला. हंगाम संपल्यावर एक मानाचा शेवटचा सामना असतो. जाव्हिसने सांगितले, मी तो खेळणार नाही. एप्रिलमध्ये ड्राफ्ट होता. म्हणजे व्यावसायिक संघ तीन दिवस एकेक नाव पुकारत कॉलेजची मुले निवडतात. त्याआधी पायाला काही झाले तर सगळेच बुडते. आजकाल पुष्कळ मुले असे करतात. पण हॉलिसच्या लेखी हा सरळ दगा होता.

सोमवारी माझ्यावर एक कार्यक्रम लागतो. लोक फोन करतात आणि खेळाडूंना नावे ठेवतात. हॉलिस चाळीस मिनिटे फोन धरून बसला. शेवटी निवेदक म्हणाला, “कार्व्हर्स बेंडचे हॉलिस, आधी तुमचा रेडिओ बारीक करा, मग बोला.” त्याने मला बारीक केले, पण बंद केले नाही. म्हणून पुढचे सगळे माझ्याच गळ्यातून गेले.

“त्याला स्वतःच्या गुडघ्याची काळजी आहे! आमच्या काळजाचं काय? भित्रा आहे तो, भित्रा! मी त्या पोराला माझ्या ट्रकमधून नेलंय!”

निवेदक हसत होता आणि त्याला आणखी चढवत होता. सात मिनिटे चालले ते. दुसऱ्या दिवशी पोस्टात, न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर लोक हॉलिसची नक्कल करून दाखवत होते. ती सात मिनिटे लोकांच्या फोनवरून कुठल्या कुठे गेली. हॉलिस आठवडाभर छाती काढून फिरला. मला मात्र बरे वाटत नव्हते. कारण रेडिओ काही आमच्याच घरी नव्हता. अर्नेस्टीनच्या स्वयंपाकघरातही एक आहे, आणि तो सोमवारी चालू असतो.

मार्चमध्ये खरे काय ते कळले. जाव्हिस शेवटचे चार सामने सुजलेल्या गुडघ्याने खेळला होता. कोणाला बोलला नव्हता. ही बातमी हॉलिसने माझ्याकडूनच ऐकली. त्याने मला बंद केले आणि माझे तोंड भिंतीकडे करून ठेवले.

ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पत्रकात छापून आले होते: गुरुवार ते शनिवार कोणीही जाव्हिसला फोन करू नये, संघाचा फोन येईल, लाइन मोकळी ठेवा. ते पत्रक हॉलिसने फ्रिजला लावले. गुरुवारी सातपैकी पहिली फेरी झाली, शुक्रवारी पुढच्या दोन. जाव्हिसचे नाव आले नाही. हॉलिसला एका जागी बसवेना. ओसरीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून ओसरीवर, आणि प्रत्येक फेरीत मी त्याच्या हातात. “त्यांनी ऐकलं असणार,” तो मला म्हणायचा. “गावचाच माणूस पोराला भित्रा म्हणतो, मग कोण घेईल त्याला?” मी काय बोलणार? मला फक्त दुसऱ्यांचे बोलता येते.

शनिवारी दुपारी पाचवी फेरी सुरू असताना त्याच्याने राहवेना. फ्रिजवरच्या पत्रकासमोर उभे राहून त्याने फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. “येस सर! जाव्हिस ग्रीन बोलतोय, सर!” आणि त्याच्या मागून सगळ्या घराचा जल्लोष. कोणीतरी रडत होते. कोणीतरी देवाचे नाव घेत होते.

“मी... मी हॉलिस,” हॉलिस म्हणाला. “पलीकडच्या रस्त्यावरचा.”

जल्लोष थांबायला थोडा वेळ लागला. तो कसा एकेका माणसाने थांबत गेला, ते मी आजही विसरलेलो नाही. मग फोन बंद झाला.

हॉलिसने टोपी घातली, मला काखोटीला मारले आणि निघाला. मी चालूच होतो, कारण वाटेतले एखादे नाव चुकायला नको होते. दार अर्नेस्टीनने उघडले.

“फोन करून भागलं नाही, मिस्टर हॉलिस? आता घरी आलात?”

“माफी मागायला आलोय, मिस अर्नेस्टीन.”

“इथे नको. चार भिंतींत मागून काय उपयोग? जिथं बोललात तिथं मागा, साऱ्या गावानं ऐकलंय ते.” मग तिने दार आणखी उघडले. “आत या आता. माश्या येतायत. आणि भाजलेल्या बरगड्या खा, नाहीतर पुन्हा गावभर सांगाल, ग्रीनांकडे पाण्यालासुद्धा विचारलं नाही.”

आत पंचवीस माणसे होती. टेबलावर डुकराच्या भाजलेल्या बरगड्या, मक्याचा पाव आणि कोणी न कापलेला एक केक. जाव्हिस कोचावर गुडघा पुढे सोडून बसला होता. त्याने हॉलिसकडे पाहून मान हलवली, एवढेच. मला केकशेजारी ठेवले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. सहावी फेरी गेली. सातवी गेली. दुसऱ्या कोणाचे तरी शेवटचे नाव मीच उच्चारले, टीव्हीच्या आधी. मला त्या वेळी माझी फार लाज वाटली.

ड्राफ्ट संपला तरी आशा संपत नाही. संघ लगेच उरलेल्यांना फोन करतात आणि सरावाला बोलावतात. पण ते थांबत नाहीत. एकाने उचलला नाही की यादीतला पुढचा. जाव्हिसचा फोन वाजला. अनोळखी नंबर. हॉलिसनंतर असे तीन फोन येऊन गेले होते, तिन्ही समजूत घालणाऱ्यांचे. त्याने फोन टेबलावर पालथा घातला.

“पुरे झालं आता,” तो म्हणाला. “मला कोणाशीच बोलायचं नाही.”

फोन वाजत राहिला. सगळे अर्नेस्टीनकडे बघत होते. उठला तो हॉलिस, हातात बरगडी तशीच.

“उचल, बाळा. आज चुकीचा फोन करणारा गावातला सगळ्यात मोठा गाढव इथं तुझ्यासमोर उभा आहे. हा फोन दुसऱ्या कोणाचा तरी असणार.”

जाव्हिसला हसू आवरले नाही. त्याने फोन उचलला.

“येस सर... हो सर, बराच बरा आहे, सर... नाही सर, आता सूज नाही.” मग त्याने हॉलिसकडे पाहिले. हॉलिसने हातातली बरगडी पाठीमागे लपवली. “तो रेडिओवरचा माणूस ना, सर? ऐकलंय तुम्ही पण? तो इथंच आहे, सर. आमच्या बरगड्या खातोय.”

पलीकडून मोठ्याने हसल्याचा आवाज मलाही ऐकू आला. नंतर जाव्हिस पुष्कळ वेळ नुसते ‘येस सर’ म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज आधीपेक्षा बारीक होत होता. फोन ठेवून तो म्हणाला, “पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पक्कं काही नाही. पण बोलावलंय.” मग त्या घरात जो आरडाओरडा झाला, त्यात मी वाजतोय की नाही हेही कोणाला कळले नाही.

सोमवारी हॉलिसने पुन्हा फोन लावला. तासभर वाट पाहिली. “मी चुकीचं बोललो,” तो म्हणाला. “तो पोरगा मोडक्या गुडघ्यानं खेळला आपल्यासाठी, आणि मी त्याला—” निवेदकाला भांडण हवे होते, माफी नको होती. त्याने मध्येच टायरच्या दुकानाची जाहिरात लावली. शिव्यांना सात मिनिटे मिळाली होती, माफीला अर्धे मिनिट.

पाच मिनिटांत आमचा फोन वाजला. अर्नेस्टीन होती.

“ऐकलं मी, मिस्टर हॉलिस. पण बोललात सात मिनिटं. माफी पण सात मिनिटांची पाहिजे. पुढच्या सोमवारी परत करा.”

तेव्हापासून हॉलिस दर सोमवारी फोन धरून बसतो. कधी त्याला वीस सेकंद मिळतात, कधी पाऊण मिनिट. अर्नेस्टीन तिकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे मांडते. जाव्हिस अजून त्या संघाच्या दूरच्या थंड शहरात आहे. त्याला ठेवतील की परत पाठवतील, ते अजून ठरायचे आहे, आणि त्या शहराचे स्टेशन माझ्यात येत नाही. हॉलिस रोज काटा फिरवून बघतो, मला उचलून खिडकीशी नेतो. नुसती खरखर येते. माझा जीव फार तगमगतो.

मित्रांनो, घरातला जुना रेडिओ वापरत नसाल तर त्यातल्या बॅटऱ्या काढून ठेवा. त्या पाझरतात आणि आतून सगळे खाऊन टाकतात. आणि एक सांगतो. माझ्यात आलेला शब्द मला अडवता येत नाही; तो तुमच्या घशातच अडवावा लागतो. एकदा माझ्यातून निघाला की तो कोणाच्या स्वयंपाकघरात शिरेल, ते माझ्या हातात नसते.

माझ्याही बॅटऱ्या आता उतरत आल्या आहेत. पण हॉलिसने कालच नव्या आणून ठेवल्या. माफीची साडेचार मिनिटे झाली आहेत. अजून अडीच बाकी आहेत.