बुधवारचं घर

फिटरची आठवड्याची सुट्टी बुधवारी असायची आणि बुधवारी तो दुसऱ्याच्या घरची लादी पुसायचा. वर्कशॉपमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. सहा दिवस बसखाली उताणा पडून हात काळे करणारा माणूस सातव्या दिवशी गुडघ्यांवर बसून कुणाचं तरी बाथरूम घासतो, हे कळलं असतं तर ढोल्याने त्याला जगू दिलं नसतं. ढोल्या म्हणजे शेजारच्या खड्ड्यावरचा मेकॅनिक. तोंडाने फाटका, मनाने बरा.

"बुधवारी कुठे गायब असतोस रे? फोन उचलत नाहीस."

"झोपतो."

"झोपतोस, आणि गुरुवारी येतोस तो असा की बस तुझ्या अंगावरून गेल्यासारखा. असली कसली झोप तुझी?"

फिटर पाना उचलून गाडीखाली सरकायचा. तिथे एक बरं होतं, तोंड कुणाला दिसत नसे.

ते घर खरं म्हणजे त्याच्या बायकोचं. तिच्या कामाचं. ती शिवणकारखान्यात कपड्यांचे धागे कापायला जायची आणि वरच्या पैशांसाठी तीन घरांची साफसफाई करायची, कारण पोरगी नर्सिंगला होती आणि एका पगारात नर्सिंग होत नाही. मग तापाचं निमित्त झालं. ती स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेली आणि परत आलीच नाही. दोन घरच्या बायका भेटून गेल्या, डोळे पुसले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी बाई लावली. त्यांचंही बरोबरच होतं. भांडी कुणासाठी थांबत नाहीत.

तिसऱ्या घराला कुणी कळवलंच नाही. त्या घरची बाई रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला. सकाळी कुलूप लावून जायची ती दिवेलागणीलाच परत. किल्ली बायकोकडे असायची. कामं फोनवर यायची, बोलून पाठवलेली. बायकोला लिहायचा कंटाळा. ती उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी व्हायची.

पाहुणेरावळे परत गेले आणि घर रिकामं झालं, त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. फिटरने तो कानाला लावला.

"मावशी, किती दिवस झाले, आला नाहीत. बऱ्या आहात ना? उद्या जमलं तर या हो. घराचा नुसता उकिरडा झालाय."

त्याने तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. तेवढं त्यालाही कळत होतं. पण कुणीतरी तिला बऱ्या आहात ना असं विचारत होतं, आणि त्याच्याच्याने नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्याने अंगठा दाबला.

पहिल्या दिवशी त्याने नको ते सगळं केलं. बादलीत साबण इतका ओतला की लादी चिकट झाली, ती पुन्हा साध्या पाण्याने काढावी लागली. दाराकडून पुसायला सुरुवात केली आणि पुसत पुसत खिडकीपाशी कोपऱ्यात अडकला. मग फरशी वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला, एखाद्या शिक्षा झालेल्या पोरासारखा. बायकोच्या रबरी चपला बाथरूमच्या दारामागे होत्या. त्या त्याने घातल्या, पण टाचा मागे बाहेर लोंबत राहिल्या. संध्याकाळी कंबर अशी धरली की बसमध्ये बसताना आई गं निघालं. बसखालचं काम जड असतं, पण ते पडून करता येतं. हे वाकून होतं, आणि संपत नव्हतं. ओटा झाला की सिंक, सिंक झालं की खालचं कपाट, आणि कपाट होईतो ओट्यावर पुन्हा डाग. ही बाई कारखाना करून असली तीन घरं करत होती आणि घरी येऊन भाकऱ्या बडवत होती, आणि आपण ताटावर बसून मीठ कमी आहे म्हणत होतो, हे त्याच्या मनात यायचं. मग तो जरा जोरात घासायचा.

फोनवर नुसती कामंच यायची असं नाही.

"मावशी, ओट्यामागच्या टाइल्स बघा ना जरा, तेलकट झाल्यात." एवढं बोलून बाई थांबायची. मग आवाज बदलायचा. "काल तो आला होता. उरलेले कपडे घेऊन गेला. तुम्ही मागे भेटलात तेव्हा सांगितलं होतंत तसंच केलं. दार उघडलं आणि आत जाऊन बसले. भांडले नाही. गेल्यावर रडले, पण भांडले नाही."

फिटर हातात ओलं फडकं घेऊन ऐकत उभा राहिला. आतल्या खोलीतल्या उघड्या कपाटाचा एक कप्पा आधीच्या बुधवारपासून रिकामा दिसत होता, तो का ते आता समजलं. बाईचा माणूस तिला सोडून गेला होता. पण त्याला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपली बायको कुणाला भांडू नका म्हणून सांगत होती? घरी तर ती भाजीवाल्याशीही भांडल्याशिवाय पिशवी उचलायची नाही. इतकी वर्षं एका घरात काढली आणि तिचं हे शहाणपण दुसऱ्यांच्याच वाट्याला आलं होतं.

तेव्हापासून बुधवारी त्याची पावलं तिकडे जरा लवकर वळू लागली. आपण पैशांसाठी जातो, असं तो स्वतःला बजावायचा. पण तेही फार दिवस चाललं नाही.

"बाबा, आता सोडा ते घर," पोरगी एका रात्री जेवताना म्हणाली. "मला हॉस्पिटलमधून पैसे सुरू झालेत. उठताना भिंत धरता तुम्ही, मला दिसत नाही का?"

"बघू."

"बघू काय? आणि त्या बाईंना सांगितलंय ना सगळं?"

"सांगितलं की."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? वाईट वाटलं म्हणाल्या."

पोरीने ताटं उचलली. आईचा विषय निघाला की ती अशीच काहीतरी उचलायची, आणि तो काहीतरी शोधायला लागायचा. लेकीशी आपण धडधडीत खोटं बोललो याची त्याला लाज वाटली. पण खरं सांगितलं तर ते घर सुटणार होतं, आणि सगळ्या जगात तेवढ्या एकाच घरात अजून त्याच्या बायकोला कुणीतरी मावशी म्हणून हाक मारत होतं. बाकी सगळीकडे ती संपली होती.

हे असंच चाललं असतं. पण हाताची सवय नडली.

त्या घरच्या सिंकचा नळ गळायचा. टप, टप. वर्कशॉपमध्ये जन्म गेलेल्या माणसाला गळती ऐकवत नाही. एका बुधवारी त्याने खिशातून वायसर आणला आणि बदलून टाकला. पुढच्या वेळी बाल्कनीचं दार कुरकुरत होतं, बिजागरीत तेल सोडलं. मग जेवणाच्या टेबलाची डुगडुगणारी खुर्ची उलटी करून तिचे स्क्रू आवळले. लादीत त्याला कधी समाधान मिळालं नव्हतं. यात मिळालं. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खिशातला बायकोचा फोन वाजला. समोरून ढोल्या डबा घेऊन येत होता. फिटरने ऐकायच्या आधीच घाईघाईने अंगठा दाबला आणि फोन खिशात घातला. ढोल्या हात धुवायला गेला तेव्हा बसच्या मागे जाऊन त्याने तो कानाला लावला.

"मावशी! नळ! अहो, आणि दार, आणि ती खुर्चीसुद्धा! खरं सांगा, तुमच्या मिस्टरांना आणलं होतंत ना? तुम्हीच म्हणायचात, एवढाल्या बसगाड्या दुरुस्त करतो पण घरचा नळ गळतो तो गळतोच. मग माझ्या घरचा कसा केला? काय जादू केलीत? हे बघा, बुधवारी मी रजा टाकलीय. तुम्ही दोघं या. कामाला नाही, चहाला. कधीपासून तुमच्याशी समोरासमोर बोलायचंय. आणि हो, यावर अंगठा पाठवाल तर बघा. पाठवलात तर मी येताय असंच धरणार."

अंगठा तर जाऊन बसला होता.

"काय रे, कुणी गेलं का?" ढोल्याने त्याचं तोंड बघून विचारलं, आणि मग स्वतःच जीभ चावली. "तसं नाही रे. सहज आलं तोंडात."

मंगळवारभर फिटरने वाटा शोधल्या. तब्येत बरी नाही म्हणून कळवावं, तर बाई भेटायला येईल. किल्ली दारातून आत टाकून पळावं, तर बायकोच्या नावाला बट्टा लागेल, आणि तो त्याला नको होता. बुधवारी सकाळी त्याने चांगला शर्ट घातला, काढला, आणि कामाचाच घातला.

किल्ली खिशात असून त्याने घंटी वाजवली.

दार उघडलं. बाई त्याला वाटली होती त्यापेक्षा बारीक आणि तरुण निघाली. आवाज तेवढा ओळखीचा.

"तुम्हीच ना? नळवाले!" ती हसली आणि त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहू लागली. "आणि मावशी? मागे राहिल्या? गुडघा धरला असेल." ती बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून तिने हाक मारली, "मावशी, सावकाश या हो! घाई नाही!"

हाक जिन्यातून खालपर्यंत गेली. खाली कुणाचं तरी दार लागलं. फिटरला क्षणभर वाटलं, थांबावं. येईलही.

"ती येत नाहीये," तो म्हणाला.

"का? रागावल्यात का माझ्यावर?"

"नाही. ती वारली. थंडी सुरू व्हायच्या आधीच."

"काहीतरीच काय बोलता? सोमवारीच तर मला त्यांचा..."

"तो मी पाठवला. सगळे मीच पाठवले. कामही मीच करत होतो."

ती आत गेली. दार उघडंच होतं, म्हणून तोही गेला आणि भिंतीजवळ उभा राहिला. टेबलावर तीन कप मांडले होते आणि बिस्किटांची बशी. बाई खुर्चीवर बसली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी जे जे बोलले ते तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"लाज नाही वाटली? जे मी माझ्या आईला सांगितलं नाही ते... आणि एक परका पुरुष माझ्या घरात, माझ्या खोल्यांतून..."

"कपाटाला कधी हात लावला नाही, बाई."

"कपाटाचं कोण बोलतंय!" ती ओरडली. आणि मग तिलाच रडू कोसळलं. ती स्वतःसाठी रडत होती की मावशीसाठी, ते त्याला कळलं नाही. कदाचित तिलाही नसेल. हातांचं काय करावं हे न सुचून त्याने ते पाठीमागे धरले.

"सांगितलं का नाहीत?" तिने नाक पुसत विचारलं. "काम जाईल म्हणून?"

"आधी मलाही तसंच वाटायचं."

"मग?"

त्याला बोलायची सवय नव्हती. शब्द एकेक करून ओढून काढावे लागले. "तुम्ही तिला हाक मारायचात. आमच्या घरी आता तिला कुणी हाक मारत नाही. पोरगी आईचं नाव काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. मी काढत नाही, तिला होईल म्हणून. इथे आलं की वाटायचं, आहे अजून."

बाईने चहा केला. एक कप उचलून परत आत ठेवला. चहा पिताना तिने विचारलं आणि त्याने सांगितलं, ताप कसा आला, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी ती काय बोलली. शेवटी ती म्हणाली होती की कालचा भात आहे, फेकू नका, परतून खा. हे ऐकून बाईला हसू आलं आणि ती पुन्हा रडली. फिटरच्या लक्षात आलं की हे सगळं तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. नातेवाइकांना मेव्हण्याने कळवलं होतं, वर्कशॉपला ढोल्याने.

"मी तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही," शेवटी बाई म्हणाली. "रागाने नाही. म्हणजे, राग आहेच. पण त्याच्यामुळे नाही. मी फोन उचलला की मला मावशीच दिसणार."

"कळतंय मला," तो म्हणाला. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

घरी आला तेव्हा पोरगी ड्यूटीवर जायच्या आधीचं जेवण करत होती. "आज लवकर?" तिने विचारलं. तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. अंगातलं बळ कुणीतरी नळ सोडून काढून घेतल्यासारखं वाटत होतं. एका दिवसाचा शीण नव्हता तो.

"सुटलं ते घर. आज सांगितलं त्यांना, तुझी आई गेली म्हणून."

"आज? तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोललो होतो."

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं की आईच... बाबा! आईला कळलं असतं ना, तर एक आठवडा बोलली नसती तुमच्याशी."

"आठवडा?" तो म्हणाला. "एक दिवस. तिला गप्प बसणं जमायचं कुठे?"

पोरीच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती हसली. ताट बाजूला सरकवून त्याच्याजवळ येऊन बसली. "एक दिवस पण नाही," ती म्हणाली. "त्या वेळेला नाही का, तुम्ही तिची छत्री बसमध्ये विसरलात, तेव्हा ती म्हणाली बोलणारच नाही, आणि दर पाच मिनिटांनी येऊन सांगत होती, मी बोलत नाहीये म्हणून..."

ती सांगत राहिली. फिटरचे डोळे मिटायला लागले. त्याने उघडे ठेवायचा प्रयत्न केला, कारण पुढे काय झालं ते त्याला आठवत नव्हतं आणि ऐकायचं होतं. पण मान लेकीच्या खांद्यावर कलंडली ती कलंडलीच. तिला ते कळलं. तरी ती थांबली नाही, आवाज जरा खाली आणून आईचं सांगत बसली.